मुलगी बिझनेसच्या दुसऱ्या वर्षाला आणि आमचं बिऱ्हाड टेक्सासला: ट्रान्सफर घ्यावी का?

सायलीची_आई

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, आज गरजेपोटी धागा काढतेय.

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मोठी लेक रट्गर्स बिझनेस स्कूलला, न्यू ब्रन्सविक कॅम्पसला दुसऱ्या वर्षाला आहे. मे महिन्यात तिची ६० क्रेडिट्स पूर्ण होतील. यांची बदली टेक्सासमधल्या, डॅलसजवळच्या प्लेनोच्या ऑफिसात झाली, ६ ऑक्टोबरला हे तिकडे रुजूही झाले. धाकट्याचं आठवीचं वर्ष संपलं की जूनमध्ये मी आणि तो जाणार. ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे व्हिसाची भानगड नाही.

प्रश्न लेकीचा. यांचं म्हणणं, एकदा टेक्सासचे झालो की तिकडची इन-स्टेट (राज्याच्या रहिवाशांची, कमी) फी लागेल, यूटी डॅलस विद्यापीठ घरापासून अर्ध्या तासावर, पोरगी घरून जाईल-येईल, डॉर्मचे पैसे वाचतील. ऐकायला सगळं छान वाटतं. लेक एक दिवस हो म्हणते, दुसऱ्या दिवशी नाही. फायनान्स घ्यायचं की सप्लाय चेन हेही तिचं ठरत नाहीये. आमच्या ओळखीतली सगळी मुलं बारावीनंतर जिथे गेली तिथेच शिकली, मध्येच राज्य बदलून गेलेलं कोणी नाही. ट्रान्सफरच्या अर्जांच्या तारखा तर तोंडावर आल्यात. अनुभवींनी लिहावं.

फ्रिस्कोकर

ताई, आधी टेक्सासमध्ये स्वागत. जूनमध्ये येताय म्हणजे थेट भट्टीत उतरताय, तयारीनिशी या.

आता मुद्दा. 'टेक्सासचे झालो' हे नुसतं घर घेऊन किंवा लायसन्स बदलून होत नाही. मुलगी तुमच्यावर अवलंबून आहे, म्हणजे तुमच्या फेडरल टॅक्स रिटर्नमध्ये डिपेंडंट आहे, तर तिचा रहिवास आई किंवा वडिलांच्या रहिवासावरून ठरतो. त्या पालकाने टेक्सासमध्ये सलग १२ महिने काढलेले हवेत, आणि इथे मुक्काम ठोकल्याचा पुरावा हवा: इथली नोकरी, घर, व्यवसाय असं काहीतरी. हे १२ महिने मोजतात ते सेमिस्टरच्या 'सेन्सस डेट'पर्यंत. फॉल आणि स्प्रिंगमध्ये ती तारीख म्हणजे वर्ग सुरू झाल्यापासूनचा बारावा दिवस.

तुमचे 'हे' ६ ऑक्टोबरला आले. फॉलचा सेन्सस सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात कधीतरी पडतो. म्हणजे जेमतेम महिनाभर कमी पडतंय! येत्या ऑगस्टला तिने प्रवेश घेतला तर ते सेमिस्टर आउट-ऑफ-स्टेट दराने जाणार, जवळपास अडीच पटीच्या घरात. जानेवारीत घेतला तर सरळ इन-स्टेट.

सायलीची_आई

बाई गं. महिनाभरासाठी? हे तर कोणीच बोललं नव्हतं. यांना वाटत होतं की जूनमध्ये आम्ही सगळे पोचलो की झालं.

फ्रिस्कोकर

उलट तुमचं नशीब की ते आधी आले. तुम्ही सगळे जूनमध्ये एकदम आला असतात तर पुढच्या वर्षीचा फॉल धरूनच चालावं लागलं असतं. ऑफर लेटर, पहिली पे-स्लिप आणि भाड्याचा करार जपून ठेवा. विद्यापीठ 'कोअर रेसिडेन्सी क्वेश्चन्स' नावाचा फॉर्म भरून घेतं, तेव्हा हेच कागद लागतात.

अजून दोन वाटा आहेत, दोन्ही अरुंद. एक म्हणजे राज्याच्या आर्थिक विकास कार्यक्रमाखाली टेक्सासमध्ये आलेल्या कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना आणि त्यांच्या मुलांना १२ महिन्यांची अट माफ होऊ शकते. यांच्या एचआरला विचारा, कंपनी त्या यादीत आहे का. दुसरी म्हणजे विद्यापीठाने स्पर्धेतून दिलेली किमान १००० डॉलरची स्कॉलरशिप मिळाली तर आउट-ऑफ-स्टेटच्या मुलालाही इन-स्टेट दर लावता येतो, तसा राज्याचा कायदाच आहे. पण एका विद्यापीठाला ही सवलत किती जणांना द्यायची याची मर्यादा आहे, आणि स्कॉलरशिपचा मोठा वाटा बारावीतून येणारी मुलं नेतात. तिच्यावर विसंबून बजेट मांडू नका.

लेजर

मी शिकागोत, पेशाने सीपीए. फ्रिस्कोकरांनी फीचं सांगितलं, मी क्रेडिट्सचं सांगतो. माझ्या मते खरा घोळ तिथे होतो.

विद्यापीठाच्या साइटवर लिहिलेलं असतं, 'तुमची ६० क्रेडिट्स ट्रान्सफर होतील.' होतात. प्रश्न हा की ती कुठल्या खात्यात जमा होतात. अकाउंटिंग, मायक्रो, मॅक्रो, कॅल्क्युलस, स्टॅटिस्टिक्स हे पहिल्या दोन वर्षांचे विषय सगळीकडे असतात, ते समोरासमोर बसतात. त्याच्या वरचे ३००-४०० पातळीचे (तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे) विषय कुठलंही बिझनेस स्कूल सहजासहजी बाहेरून घेत नाही. एएसीएसबी या बिझनेस स्कूल तपासणाऱ्या संस्थेची मान्यता असलेल्या शाळा बऱ्याचदा बिझनेसची निम्मी क्रेडिट्स आपल्याकडेच करायला लावतात. बाहेरचा जो विषय बसत नाही तो 'इलेक्टिव्ह' म्हणून जमा होतो. कागदावर ६० दिसतात, डिग्रीच्या हिशोबात ४५ लागू पडतात, आणि पोराला एक सेमिस्टर जास्त लागतं. ते जास्तीचं सेमिस्टर तुमची डॉर्मची बचत गिळून टाकतं.

म्हणून अर्ज करायच्या आधी तिला तिथल्या अ‍ॅडव्हायजरला ईमेल करू दे. ट्रान्सक्रिप्ट जोडायची आणि एवढंच विचारायचं: या मेजरच्या (मुख्य विषयाच्या) डिग्री प्लॅनमध्ये यातलं काय काय लागू होतं, आणि उरलेलं किती सेमिस्टरमध्ये संपेल? 'किती क्रेडिट्स घेता' हे विचारूच नका.

जीपीए (ग्रेडची सरासरी) बहुतेक ठिकाणी सोबत जात नाही. विषय जातो, ग्रेड जात नाही, नवीन ठिकाणी पाटी कोरी. ज्याचा पहिल्या वर्षी घोटाळा झाला त्याला हे वरदान. तुमच्या लेकीचा चांगला असेल तर तिची मेहनत नव्या ट्रान्सक्रिप्टवर दिसणार नाही. रिझ्युमेवर मात्र दोन्ही लिहिता येतात.

फ्रिस्कोकर

लेजरभाऊंना अनुमोदन. त्यात टेक्सासचं खास लोणचं घाला. सरकारी विद्यापीठातून पदवी घ्यायची तर, मेजर कुठलंही असो, कायद्याने अमेरिकेच्या इतिहासाची ६ क्रेडिट्स आणि गव्हर्नमेंटची ६ क्रेडिट्स लागतात. गव्हर्नमेंटमध्ये केंद्राची आणि टेक्सासची अशा दोन्ही राज्यघटना आल्या. न्यू जर्सीतून येणाऱ्या मुलीने टेक्सासची राज्यघटना कशाला शिकली असेल! तेव्हा चार विषयांचा बोजा वाढतो. शाळेत एपीचे (कॉलेज पातळीचे) यूएस हिस्टरी, गव्हर्नमेंट केलं असेल तर त्यातला काही भाग सुटतो. पण एपीचे स्कोअर कॉलेज बोर्डकडून नवीन विद्यापीठाला पुन्हा पाठवावे लागतात. रट्गर्सने क्रेडिट दिलं म्हणून इथे मिळेलच असं नाही, प्रत्येकाचा कटऑफ वेगळा.

इथल्या कम्युनिटी कॉलेजांत (दोन वर्षांची, स्वस्त स्थानिक कॉलेजं) विषयांचे क्रमांक राज्यभर सारखे असतात ही मोठी सोय. GOVT २३०६ म्हणजे टेक्सास गव्हर्नमेंट, मग कोलिन कॉलेजला करा नाहीतर डॅलस कॉलेजला. HIST १३०१, १३०२ इतिहास. ACCT २३०१, २३०२ अकाउंटिंग. ECON २३०१ मॅक्रो, २३०२ मायक्रो. पहिला आकडा वर्षाची पातळी, दुसरा क्रेडिट्स. (रोमन अक्षरं टाकल्याबद्दल अ‍ॅडमिननी ओरडू नये म्हणून सांगतो: गव्हर्नमेंट २३०६, हिस्टरी १३०१, असं वाचा.)

अ‍ॅडमिन

फ्रिस्कोकर, धाग्याचे नियम तुम्हालाच लिहायला द्यायला हवेत. चालू द्या. वरच्या चारही ठिकाणी अनुक्रमे गव्हर्नमेंट, हिस्टरी, अकाउंटिंग, इकॉनॉमिक्स असं समजावं.

आबा_कोथरूड

धागा रस घेऊन वाचत आहे. आमच्या काळी पुण्याहून मुंबई विद्यापीठात जायचे म्हटले तरी मायग्रेशन सर्टिफिकेट, मग एलिजिबिलिटी फॉर्म, मग त्या फॉर्मवर एक शिक्का राहिला म्हणून परत पुणे. आता २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर इकडेही अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली आहे, नात तिचा आयडी काढून बसली आहे. बँकेत क्रेडिट्स जमा होतात हे खरे, पण दुसऱ्या शाखेत काढायला गेल्यावर काय होते ते ती तिसऱ्या वर्षाला गेली की कळेल. लेजर यांचा 'कुठल्या खात्यात' हा प्रश्न आम्हीही लिहून ठेवला आहे.

अवांतराबद्दल क्षमस्व.

निम्माशिम्मा

मी स्वतः ट्रान्सफरवाला आहे, म्हणून लिहितो. दोन वर्षं एका राज्यात, नंतर दुसऱ्या राज्यातल्या सरकारी विद्यापीठात अकाउंटिंग. नावं घेत नाही. मराठी टायपिंग कच्चं आहे, सांभाळून घ्या.

काका-काकू सगळे फी आणि क्रेडिट्सवर बोलतायत. माझं घोडं तिसऱ्याच ठिकाणी अडलं. जुनी मुलं पुढच्या सेमिस्टरचं रजिस्ट्रेशन एप्रिलमध्ये करून मोकळी होतात. ट्रान्सफरवाल्यांचं ओरिएंटेशन जून-जुलैमध्ये, आणि ओरिएंटेशन झाल्याशिवाय रजिस्ट्रेशन उघडत नाही. मी बसलो तेव्हा इंटरमीजिएट अकाउंटिंगच्या एकाही सेक्शनमध्ये जागा नव्हती. आता साखळी बघा: इंटरमीजिएट एक झाल्याशिवाय दोन नाही, दोन झाल्याशिवाय ऑडिट नाही. पहिली कडी सुटली की सगळं एका सेमिस्टरने मागे. अ‍ॅडव्हायजर म्हणाली, वेटलिस्टवर नाव टाक. टाकलं. वर्ग सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात प्रोफेसरांच्या ऑफिसबाहेर उभा राहून परवानगी मिळवली. माझ्या मागे उभ्या असलेल्या मुलीला नाही मिळाली.

त्यामुळे काकू, ट्रान्सफर ठरली तर ओरिएंटेशनची सगळ्यात पहिली तारीख पकडा. त्या तारखेला इंडियाची तिकिटं काढू नका.

दुसरं म्हणजे तिसऱ्या वर्षी गेलात की सगळ्यांचे ग्रुप जमलेले असतात. केस कॉम्पिटिशनच्या टीम, क्लबची पदं, सगळं आदल्या वर्षीच वाटून झालेलं. त्यात घरून ये-जा केली तर अजूनच तुटायला होतं. प्लेनोच्या घरात बसून आईच्या हातचं जेवण मिळेल, पण रात्री दहाला लायब्ररीत जो ग्रुप प्रोजेक्ट चालतो त्यात ती नसेल.

लेजर

निम्माशिम्मा, टायपिंग उत्तम आहे.

नोकरीचं वेळापत्रक यात बसवायला हवं. न्यूयॉर्कच्या इन्व्हेस्टमेंट बँका तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्याच्या इंटर्नशिप दुसऱ्या वर्षातच भरायला लागल्यात. तिसऱ्या वर्षी नवीन विद्यापीठात पाऊल टाकणाऱ्या मुलीसाठी ती गाडी आधीच सुटलेली असते. कॉर्पोरेट फायनान्स, अकाउंटिंग, सप्लाय चेन यांचं तसं नाही, तिथे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या करिअर फेअरला बरंच काही ठरतं. त्यामुळे 'फायनान्स की सप्लाय चेन' हा प्रश्न ट्रान्सफरच्या आधी सुटायला हवा.

सप्लाय चेन असेल तर रट्गर्सचं नाव त्या विषयात मोठं आहे. आजूबाजूला औषध कंपन्या. जॉन्सन अँड जॉन्सनचं मुख्यालय न्यू ब्रन्सविकलाच, मर्कचं राहवेला. तिथे कॉलेजच्या आसपासच लोक इंटर्नशिप करतात. ते सोडून जायचं तर तसंच कारण हवं.

फ्रिस्कोकर

अहो, इकडे काय वाळवंट आहे का? प्लेनोला फ्रिटो-ले, टोयोटाचं उत्तर अमेरिकेचं मुख्यालय, अर्विंगला सेव्हन-इलेव्हन, फोर्ट वर्थच्या उत्तरेला अलायन्सचा मालवाहतुकीचा एवढा मोठा पसारा. यूटी डॅलसच्या जिंदाल स्कूलमध्ये सप्लाय चेनचं मेजर आहेच, आणि आपली मुलं इतकी की कॉरिडॉरमध्ये तेलुगू नाहीतर मराठी कानावर पडतंच. नोकरी पुढे टेक्सासमध्येच करायची असेल तर इथलं नेटवर्क इथेच बनतं.

माझी योजना ऐका. ऑगस्टला यूटी डॅलसचं आउट-ऑफ-स्टेट सेमिस्टर घेऊच नका. जूनमध्ये या, फॉलमध्ये तिने कोलिन कॉलेजला टेक्सास गव्हर्नमेंट, केंद्राचं गव्हर्नमेंट आणि इतिहासाचे दोन विषय उरकावेत. कम्युनिटी कॉलेजातही बाहेरच्यांचा दर जास्त असतो, पण तो विद्यापीठाच्या जवळपासही जात नाही. जानेवारीत विद्यापीठ, इन-स्टेट दर. नाहीतरी ते विषय करायचेच होते. एका दगडात दोन पक्षी.

निम्माशिम्मा

काका, पक्षी दोन पडतील, पण करिअर फेअर हुकेल ना. त्या फॉलमध्ये ती रट्गर्सची नाही, यूटी डॅलसचीही नाही. हँडशेकवर (विद्यार्थ्यांच्या नोकऱ्यांची साइट) लॉगिन कुठल्या विद्यापीठाचं? सप्टेंबरमध्ये रिक्रूटर कॅम्पसवर येतात तेव्हा ती कम्युनिटी कॉलेजात घटना पाठ करतेय. जानेवारीत येऊन उन्हाळ्याची इंटर्नशिप मिळते, नाही असं नाही, पण उरलेल्या जागांमधून.

आणि स्प्रिंगचा प्रवेश सगळीकडे नसतो. काही बिझनेस स्कूल बाहेरची ट्रान्सफर फक्त फॉललाच घेतात. ऑस्टिनचा विचार असेल तर हे आधी बघा. तिथल्या मॅककॉम्ब्स बिझनेस स्कूलची कॅल्क्युलसची अटही तपासा, ती पुरी नसेल तर दारातच अडतात.

फ्रिस्कोकर

मुद्दा मान्य. मी फीच्याच बाजूने बघत होतो. पण एका सेमिस्टरच्या फीत पडणारा फरक छोटा नाहीये रे बाबा, त्यात जुनी होंडा येते.

बे_एरियावाली

टेक्सासचं १२ महिन्यांचं ऐकून हेवा वाटला. माझ्या भाचीला दुसऱ्या राज्यातून कॅलिफोर्नियाला यूसीत (इथल्या सरकारी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात) यायचं होतं, आई-वडील तिकडेच राहणार. इथे ३६६ दिवस राहून दाखवा, कायम राहायचा इरादा दाखवा, आणि पालक इथले नसतील तर तुम्ही आर्थिकदृष्ट्या स्वतंत्र आहात हेही सिद्ध करा. २४ च्या आतल्या अविवाहित पोरीला ते कुठून जमणार? २०२५-२६ मध्ये नव्याने येणाऱ्या बाहेरच्या मुलांना नेहमीच्या फीवर ३७,६०२ डॉलर वेगळे. आदल्या वर्षी ते ३४,२०० होते.

त्यात यूसी ट्रान्सफरमध्ये पहिला मान कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांना देते. त्यांच्यासाठी असिस्ट नावाची साइट आहे, कुठल्या कॉलेजचा कुठला विषय बर्कलीला कशाच्या बदल्यात चालतो ते सगळं त्यावर. बाहेरच्या राज्याच्या विद्यापीठांना ती सोय नाही. शिवाय हास (बर्कलीचं बिझनेस स्कूल) आता २०२४ पासून पहिल्या वर्षापासूनच मुलं घेतं. भाची शेवटी आपल्याच राज्यात राहिली आणि मजेत आहे. कॅलिफोर्नियाचा विचार करणारे कोणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी लिहिलं.

चौकस

मध्येच घुसतोय. आम्ही एच-१बीवर (नोकरीच्या व्हिसावर), मुलगा एच-४वर (त्यावरच्या आश्रिताच्या). आम्हीही डॅलसला यायच्या विचारात आहोत. मुलगा पुढच्या मार्चमध्ये २१ चा होतोय. त्याला टेक्सासचा इन-स्टेट दर मिळेल का?

फ्रिस्कोकर

चौकस, टेक्सासमध्ये एच-१बी आणि एच-४ दोन्ही 'रहिवास धरू शकणाऱ्या' व्हिसांच्या यादीत आहेत. तेव्हा तुमचे १२ महिने झाले असतील आणि मुलगा एच-४वर असेल तर मिळतो. घात पुढे आहे. २१ व्या वाढदिवसाला एच-४ संपतो, मग बहुतेक मुलं एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) घेतात, आणि एफ-१ त्या यादीत नाही. म्हणजे त्याच विद्यापीठात, त्याच वर्गात, फी मात्र परदेशी विद्यार्थ्याची. तुमच्या बाबतीत १२ महिने भरायच्या आतच मार्च येतोय असं दिसतंय. सध्याच्या राज्यात एफ-१ झाल्यावर काय दर लागेल ते तिथल्या रेसिडेन्सी ऑफिसला विचारा आणि मगच हलायचं ठरवा. ग्रीन कार्डच्या अर्जात त्याचं वय गोठतंय का (२१ नंतरही लहान धरतात का), हे वकिलाला विचारा, इथे नको.

लेजर

पुरवणी. एफ-१ झाल्यावर विद्यापीठ बदलायचं तर नुसती क्रेडिट्स हलवून भागत नाही. जुन्या विद्यापीठाच्या डीएसओने (परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणारा अधिकारी) सेव्हिस या सरकारी नोंदणीतलं रेकॉर्ड ठरलेल्या तारखेला नव्या विद्यापीठाकडे सोडायचं, मग नवीन आय-२० (एफ-१ साठीचा प्रवेशाचा फॉर्म) मिळतो. मध्ये पाच महिन्यांहून जास्त खंड चालत नाही. फ्रिस्कोकरांची 'एक सेमिस्टर कम्युनिटी कॉलेज' योजना एफ-१वाल्याने जशीच्या तशी उचलू नये.

आणि मेजरचा सीआयपी कोड (विषयाचा सरकारी क्रमांक) बघा. साध्या फायनान्सच्या डिग्रीवर ओपीटीचं (शिक्षणानंतर काम करायच्या परवानगीचं) एकच वर्ष. बिझनेस अ‍ॅनालिटिक्स किंवा मॅनेजमेंट सायन्सच्या कोडवर स्टेमचे (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांचे) २४ महिने वाढतात. दोन विद्यापीठांत मेजरचं नाव तेच आणि कोड वेगळा असं सर्रास असतं. ब्रोशरवर विश्वास नको, आय-२० वर काय छापलं जाईल ते विचारा.

चौकस

दोघांचे आभार. बायकोला हे वाचून दाखवलं, घरात शांतता आहे.

मृद्गंधा

सायलीची आई, तुम्ही टेक्सासच्या फीचा हिशोब करताय, न्यू जर्सीचा केलात का? तुम्ही सगळे राज्य सोडून गेल्यावर तिचा इन-स्टेट दर तिथे टिकतो का? पालक गेले तरी सलग शिकत असलेल्या मुलाचा दर बऱ्याच राज्यांत टिकतो, पण अटी असतात. रजिस्ट्रारकडून ईमेलवर लेखी घ्या, फोनवरच्या 'शुअर, शुअर' वर जाऊ नका. टॅग ग्रँट मिळत असेल तर ती न्यू जर्सीच्या रहिवाशांसाठी आणि तिथल्याच कॉलेजांसाठी आहे, टेक्सासला सोबत येणार नाही. ५२९ (शिक्षणासाठीचं बचत खातं) चे पैसे कुठल्याही राज्यात चालतात, त्याची काळजी नाही.

शेजारच्या राज्यांत सवलत देणारे करारही असतात. पश्चिमेला डब्ल्यूयूई, मिडवेस्टला एमएसईपी, तिथे सहभागी विद्यापीठं दीडपट दरापर्यंत घेतात. मिनेसोटा-विस्कॉन्सिनचं तर जुनं गूळपीठ. पण न्यू जर्सी आणि टेक्सासमध्ये असलं काही नाही, तेव्हा तुमच्या कामाचं नाही.

आता जरा स्पष्ट बोलू का? या सगळ्यात लेक काय म्हणते हे एकाच ओळीत आलंय, 'एक दिवस हो, एक दिवस नाही.' वीस वर्षांची मुलगी आहे. तिला रूममेट आहेत, कदाचित एखादा क्लब आहे, कदाचित अजून कोणी आहे. घर हललं म्हणून ती हलली आणि चौथ्या वर्षी रडली तर फीचा हिशोब कोणी काढणार नाही.

सायलीची_आई

मृद्गंधा, बोललात ते बरं केलंत. काल तिला हा धागाच वाचायला दिला. मराठी वाचायला वेळ लागतो, त्यामुळे निम्माशिम्मा यांचं मी मोठ्याने वाचलं. त्या रजिस्ट्रेशनच्या गोष्टीवर म्हणाली, 'आई, अगं सेम माझ्या फ्रेंडला झालं.' मग पहिल्यांदाच नीट बसून बोलली. फायनान्स तिने मैत्रिणी घेतात म्हणून धरून ठेवलं होतं, आवडतं सप्लाय चेन. एका औषध कंपनीच्या गोदामाची व्हिजिट झाली होती, तिथे बारकोडवरून थंड साठ्याचं तापमान कसं पाळतात ते दहा मिनिटं मला सांगत होती. एवढं ती कधी बोलत नाही.

यांच्याशी फोनवर बोलले. एचआरने सांगितलं, कंपनी त्या यादीत नाही. तेव्हा तो रस्ता बंद. आता दोन गोष्टी समोर आहेत. एक, रट्गर्सला राहून संपवणं, दर टिकत असेल तर. रजिस्ट्रारला ईमेल गेलीय. दोन, यूटी डॅलसच्या अ‍ॅडव्हायजरला लेजरभाऊंनी सांगितला तसा प्रश्न. तीही तिनेच पाठवली, मी फक्त स्पेलिंग बघितलं. फॉल आणि स्प्रिंग दोन्हीचं विचारलंय.

आमचं आपसात एवढं ठरलंय की तिकडून 'चार सेमिस्टरमध्ये संपेल' असं लेखी आलं नाही तर विषय बंद. हे थोडे हिरमुसलेत, त्यांनी तिच्यासाठी खोलीही बघून ठेवली होती.

एक प्रश्न उरला. उन्हाळ्यात ती आमच्यासोबत असेलच. तेव्हा कोलिनला टेक्सास गव्हर्नमेंट केलं आणि शेवटी रट्गर्सलाच राहिली तर पैसे वाया?

फ्रिस्कोकर

रट्गर्सला ते फार तर इलेक्टिव्ह म्हणून लागेल. तेही आधी विचारून घ्या. त्यापेक्षा उन्हाळ्यात इंटर्नशिप शोधू दे, जिंदालला आली काय नि न आली काय, उपयोगी पडेल. गव्हर्नमेंट कधीही ऑनलाइन होतं. खोलीचं म्हणाल तर फ्रिस्कोच्या हनुमान मंदिरात शनिवारी भेटा त्यांना घेऊन, मी पाहुण्यांची यादी देतो. खोली रिकामी राहत नाही डॅलसमध्ये.

निम्माशिम्मा

काकू, निर्णय कुठलाही होवो, एक काम तिला या आठवड्यात करायला सांगा. आतापर्यंत केलेल्या प्रत्येक विषयाच्या सिलॅबसची पीडीएफ उतरवून एका फोल्डरमध्ये ठेवायची. एखादा विषय इलेक्टिव्हमध्ये टाकला आणि दाद मागायची वेळ आली तर कॅटलॉगमधला दोन ओळींचा परिचय पुरत नाही, आठवड्यागणिक काय शिकवलं आणि पुस्तक कुठलं, ते मागतात. मला एका विषयाचा सिलॅबस नव्हता. जुन्या विद्यापीठाचं माझं लॉगिन तोवर बंद झालं होतं, आणि प्रोफेसर निवृत्त.

सायलीची_आई

सांगितलं. दुसऱ्या सेमिस्टरच्या स्टॅटिस्टिक्सचा सापडत नाहीये म्हणते, मैत्रिणीकडे मागितलाय.